आधी भट्टी, मग फायरवॉल

१४ जून २०१८ रोजी भिलाईत एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. विस्तार आणि आधुनिकीकरण पूर्ण झालेला पोलाद कारखाना पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला आणि आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणी झाली. बातम्यांत ही दोन वेगळी विकासकामं होती. सायबर सुरक्षेत करिअर करू पाहणाऱ्या मुलामुलींनी मात्र त्या एकत्र वाचाव्यात. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या या कारखान्यात आता भट्टीचं तापमान, वायूचा दाब, पाण्याचा प्रवाह हे सगळं संगणक मोजतात आणि बऱ्याच अंशी तेच यंत्रं हाकतात. म्हणजे ज्याची राखण करायची ते गावातच आहे. तरीही कोचिंगची सवय अंगात मुरलेल्या या शहरातला विद्यार्थी राखणदारी शिकायला निघतो तो ‘एथिकल हॅकिंग’च्या झटपट कोर्सपासून. हा क्रम उलटा आहे. ज्याचं रक्षण करायचं ते नीट कळणं हे या व्यवसायातलं पहिलं कौशल्य. हल्ल्याची हत्यारं त्यानंतर.

याला सर्वांत भक्कम पुरावा जर्मनीतला आहे, आणि तोही पोलादाच्याच धंद्यातला. त्या देशाच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने २०१४ च्या अहवालात एका पोलाद कारखान्यावरचा हल्ला नोंदवला. कारखान्याचं नाव मात्र दिलं नाही. हल्लेखोर फसव्या ईमेलवाटे कचेरीच्या नेटवर्कमध्ये शिरले, तिथून उत्पादनाच्या नेटवर्कमध्ये पोचले, नियंत्रणाचे घटक एकेक करून बिघडत गेले आणि शेवटी एक भट्टी रीतसर बंदच करता आली नाही. मोठं नुकसान झालं. अहवालातली खरी महत्त्वाची नोंद पुढेच आहे: हल्लेखोरांना संगणक सुरक्षेची जाण तर होतीच, शिवाय तिथली नियंत्रणयंत्रं आणि उत्पादनाची प्रक्रियाही बारकाईने ठाऊक होती. चोराला भट्टी कळते आणि राखणदाराला फक्त फायरवॉल कळते, अशी ही विषम लढाई. त्याच वर्षी १२ जूनला भिलाईत घडलेल्या दुर्घटनेचा सायबर हल्ल्याशी काही संबंध नव्हता. पंप हाऊसमधल्या बिघाडाने पाण्याचा दाब कोसळला, विषारी वायू पसरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. पण पाण्याच्या दाबाचा एक आकडा आणि माणसाचा जीव यांच्यात किती थोडं अंतर असतं, हे तिथे दिसलं. असा आकडा पडद्यावर कोणी खोटा दाखवू लागला तर? ही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ या मालवेअरने धोका दिसताच यंत्रं थांबवणाऱ्या सुरक्षाप्रणालीलाच थेट हात घातला होता.

कारखान्यात झडपा आणि मोटारी चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला पीएलसी म्हणतात. अशा यंत्रांत संदेश पोचवणारी ‘मॉडबस’ ही पद्धत १९७९ ची. तिच्या मूळ रूपात आज्ञा देणारा कोण, हे तपासण्याची सोयच नाही. आज्ञा आली की पाळायची. कचेरीतल्या संगणकावर रात्रीतून अपडेट टाकता येतो, पण अखंड चालणाऱ्या भट्टीच्या नियंत्रकाला पुढच्या शटडाउनची वाट पाहावी लागते. नेटवर्क चाचपणारं स्कॅनर कचेरीत निरुपद्रवी असतं. जुन्या पीएलसीवर तेच चालवलं तर ती ठप्प होऊ शकते. म्हणून इथे सुरक्षा तज्ज्ञाला ‘हे बंद केलं तर पुढे काय काय बंद पडेल’ याचं उत्तर आधी यावं लागतं. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालेल्या किंवा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन निघालेल्या मुलाला हे उत्तर देता येतं. त्याला नेटवर्किंग, लिनक्स आणि कामापुरतं पायथन शिकवायला वेळ लागेल, पण ते शिकवता येतं. उलट, केवळ हत्यारं शिकलेल्याला शॉपफ्लोअर कळायला वर्षं जातात. आपल्याकडे आयटीआयवाल्याला या क्षेत्राच्या उंबरठ्यावरही कोणी उभं करत नाही, हा निव्वळ पदवीचा अहंकार आहे.

हेच तत्त्व बँकेलाही लागू पडतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले ७८ कोटींच्या आसपास २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढले गेले आणि दोन दिवसांनी जवळपास १४ कोटी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश व्यवस्थेतून हाँगकाँगला वळते झाले. बँकेची खरी यंत्रणा बाजूला ठेवून एक खोटी यंत्रणा प्रत्येक मागणीला ‘मंजूर’ म्हणत राहिली. हा घोळ ओळखायला संगणकाइतकंच बँकेचं कामकाज कळावं लागतं: कार्ड सरकवल्यापासून खात्यातून रक्कम वजा होईपर्यंत संदेश कुठून कुठे जातो आणि हिशेब कुठे जुळायला हवा. आयआयटी भिलाईतलं तंत्रज्ञान केंद्र वित्तीय तंत्रज्ञानालाच वाहिलेलं आहे, तेव्हा हाही विषय भिलाईला परका नाही. दुर्दैवाने महादेव बुक या सट्ट्याच्या अ‍ॅपमुळेही भिलाईचं नाव गाजलं. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ते धरून २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश काढला. अशा प्रकरणात कोडपेक्षा खाती, व्यवहार आणि पुरावे यांची साखळी लावता येणं मोलाचं ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ नोंदवायचा आहे, म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला असा ठसा, जो एक अक्षर बदललं तरी बदलतो. तो कसा घ्यायचा आणि न्यायालयात कसा समजावून सांगायचा, हे जाणणारा वाणिज्य किंवा कायद्याचा पदवीधरही सायबर सुरक्षेतलाच माणूस आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो: कंपन्या जाहिरातीत प्रमाणपत्रं मागतात, तुमचं तत्त्व कोण विचारतो? आक्षेप खरा आहे. अर्जांच्या ढिगातून नाव वर यायला प्रमाणपत्र उपयोगी पडतं, आणि ऐपत असेल तर एखादं जरूर करावं. पण मुलाखतीत ‘मध्यरात्री या सर्व्हरवरून अनोळखी पत्त्याकडे माहिती जातेय, काय कराल?’ असं विचारलं की पाठांतर उघडं पडतं. ज्याने जुन्या लॅपटॉपवर दोन आभासी यंत्रं उभी करून वायरशार्कसारख्या मोफत साधनाने त्यांच्यातली वाहतूक वाचली आहे, तो निदान पहिला प्रश्न बरोबर विचारतो. सराव आपल्याच यंत्रावर करावा, हे मात्र बजावायला हवं. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात; ‘शिकण्यासाठी केलं’ म्हणून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. इशाऱ्यांचा ढीग चाळण्याचं नवशिक्याचं काम यंत्र करू लागलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रात्री दोन वाजता पंपाला आलेली आज्ञा नेहमीच्या देखभालीची की घुसखोराची, हे शिफ्टचं वेळापत्रक, कंत्राटदाराची सवय आणि यंत्राचा स्वभाव माहीत असल्याशिवाय ठरत नाही. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: पोलाद कारखान्यातल्या कायम नोकऱ्या गेल्या काही दशकांत घटल्याच आहेत, मग तिथलं ज्ञान घेऊन जायचं कुठे? सगळ्यांना भिलाईतच काम मिळेल असं सांगणं ही फसवणूक होईल. बरेचजण पुणे, हैदराबाद, बंगळुरूची वाट धरतील. पण पीएलसी कोरब्याच्या वीजकेंद्रातही आहे, सिमेंटच्या कारखान्यात आणि बंदरावरही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासलं तेव्हा न्हावाशेवा इथलं तिचं टर्मिनल ठप्प झालं होतं. यंत्रं कळणारा सुरक्षा तज्ज्ञ अशा प्रत्येक ठिकाणी लागतो.

राहिलं एक कौशल्य, ज्याला अभ्यासक्रमात कोणी गंभीरपणे घेत नाही: लिहिणं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या सहा तासांत काय घडलं, काय अजून कळलेलं नाही आणि काय थांबवलं, हे संगणक न जाणणाऱ्या महाव्यवस्थापकाला एका पानात समजेल असं मांडावं लागतं. त्याच पानावर भट्टी चालू ठेवायची की थंड करायची, हे तो ठरवणार असतो.