खरवस, मासवडी आणि बी-बारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चाकणच्या माझ्या दवाखान्यात मायलेकी आल्या. आईने मुलीला आणले होते की मुलीने आईला, हे सांगणे कठीण, कारण दोघीही एकमेकींची तक्रार घेऊन आल्या होत्या. मुलीचे वय सव्वीस. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मालाच्या तपासणीचे काम करते, खोली घेऊन मैत्रिणींबरोबर राहते. आई खेड तालुक्यातल्या गावाकडची. घरात माळ, दारात दोन गाई. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.)

खुर्चीवर टेकायच्या आतच आईने सुरुवात केली. "डॉक्टर, गाय व्याली. खरवस केला आणि डबा घेऊन एसटीने आले. हिने झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाही. लहानपणी खरवस व्हायचा म्हटलं की चुलीपुढून हलायची नाही. आता म्हणते दूध नको, दही नको, तूप नको. मधसुद्धा नको!"

मुलगी शांतपणे म्हणाली, "खरवस आवडत नाही असं नाही, डॉक्टर. अजून त्याचा वास आठवतो. पण चीक वासराचा असतो. तो मला घ्यायचा नाही. आईला वाटतं, मी तिलाच नको म्हणतेय."

"वासराला पोटभर पाजूनच उरलेला काढतो आम्ही," आई म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

हा वाद सोडवणे डॉक्टरच्या हातात नव्हते. पण जाता जाता मुलगी एक वाक्य बोलली आणि मी कान टवकारले. "पायांना मुंग्या येतात. चप्पल निसटली तरी कळत नाही."

आता माझी चूक सांगतो. सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी थकवा येतो म्हणून आली होती. चेहरा फिका होता. मी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला थोडे बरे वाटले आणि विषय संपला. 'जेवणात काय काय असते?' हा साधा प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर दोन वर्षांपासून ती दुधाचा थेंबही घेत नाही हे कळले असते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण आत मज्जातंतूंची झीज चालूच राहते. त्या दिवशी तिच्या घोट्यावर कंपन करणारा चिमटा ठेवला, तर तिला ते कंपन जवळजवळ जाणवतच नव्हते. रक्तातले ब-१२ फारच खाली आले होते. इंजेक्शने सुरू केली. आज मुंग्या गेल्या आहेत, पण अंगठ्यांचा थोडा बधिरपणा अजून आहे.

वाचकहो, ही हकीकत घाबरवण्यासाठी सांगितलेली नाही. दूधदुभते सोडलेली तरुण मुले आता दवाखान्यात अधूनमधून भेटू लागली आहेत. कोणी प्राण्यांच्या दयेपोटी, कोणी दूध पचत नाही म्हणून, तर कोणी वजनासाठी. अशा आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन यांच्या मंडळींनी रूढ केला. आपल्याकडेही भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली अशा पदार्थांसाठी वेगळे नियम केले आहेत, आणि पाकिटांवर त्यासाठी वेगळे हिरवे चिन्ह असते. तेव्हा 'हे काय नवीन खूळ' म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. घरात असा सदस्य असेल तर त्याला नीट जेवू कसे घालायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्यात सर्वांत अवघड भाग पोटाचा नसतो, आठवणीचा असतो. वासाची वाट मेंदूतल्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे थेट जाते. म्हणून फोडणीचा एक वास आला की माणूस चाळीस वर्षे मागे जातो. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात तर जवळजवळ प्रत्येक जण गाव सोडून आलेला. कोणी लातूरचा, कोणी जळगावचा, कोणी कोकणातला. दुसऱ्या पाळीहून रात्री खोलीवर परतल्यावर त्याला भूक लागते ती नुसत्या अन्नाची नसते. आईच्या हातचे नाकारावे लागते तेव्हा नाकारणाऱ्यालाही त्रास होतो, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

मी त्या मायलेकींना एक काम दिले. कागद घ्या आणि लहानपणी आवडीने खाल्लेल्या पदार्थांची यादी करा. दोघींनी वेगवेगळी. पुढच्या खेपेला त्या याद्या घेऊन आल्या. आईच्या यादीत पहिला खरवस होता, मुलीच्या यादीत पहिली मासवडी.

मासवडी म्हणजे आपल्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागाचा मानाचा पदार्थ. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन पाणी उकळायचे, त्यात हळद-तिखट-मीठ घालून बेसन घट्ट शिजवायचे. ओल्या फडक्यावर ते थापायचे. वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे. फडक्यानेच गुंडाळी करून दाबायची आणि वड्या कापायच्या. वडीचा आकार मासळीसारखा दिसतो. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. देहू-आळंदीच्या या परिसरात गळ्यात माळ असलेली घरे पुष्कळ. तिथे मांस-मासळी शिजत नाही, पण पाहुण्यापुढे मासवडीचे ताट आले की पाहुणचारात काही कमी राहिले असे कोणी म्हणत नाही. या पदार्थात दूध नाही, तूप नाही, अंडे नाही, मांस नाही. 'व्हीगन' हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आयाबाया हे रांधत आल्या आहेत.

एकदा ही दृष्टी आली की यादी भराभर सुटते. हुलग्याचे शेंगोळे, तेलाच्या फोडणीचे पिठले, ठेचा-भाकरी, वांग्याचे भरीत, डाळ-गुळाचे पुरण घालून तेलावर केलेली पोळी आणि कटाची आमटी, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, भोपळ्याचे घारगे, कोकणातली सोलकढी आणि नारळाच्या रसातले शिरवळे. हॉटेलात आपण 'टोमॅटो ऑम्लेट' मागवतो, त्यात अंडे कुठे असते? ते बेसनाचे धिरडेच. त्या मुलीच्या यादीतल्या वीस पदार्थांपैकी चौदांमध्ये काही बदलायचेच नव्हते. तीनमध्ये तुपाऐवजी तेल घातले की काम भागत होते. अडले ते दही, बासुंदी आणि खरवस या तिघांपाशी.

दही शेंगदाण्याचे लागते. दाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून त्याचे दूध उकळायचे आणि कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीची देठे टाकून उबेत ठेवायचे. पहिले विरजण थोडे लहरी असते, दुसऱ्यापासून नीट लागते. कढीला आणि कोशिंबिरीला ते चालते. बासुंदीला काजू वाटून घातलेले नारळाचे दूध.

खरवसाचे म्हणाल तर दोन वाट्या दाट नारळाचे दूध, अर्धी वाटी चिरलेला गूळ, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ आणि सपाट दोन चहाचे चमचे चायना ग्रासची पूड. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून करतात. जिलेटिन मात्र आणू नये, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. पूड अर्धी वाटी पाण्यात कालवून चार-पाच मिनिटे उकळून पूर्ण विरघळवावी. त्यात गूळ विरघळवावा, मग कोमट केलेले नारळाचे दूध घालून ढवळावे, आणि उकळी फुटण्याआधी उतरवून ताटलीत ओतावे. तासाभरात वड्या पडतात. हुबेहूब खरवस होतो का? नाही. चिकाच्या खरवसाची जाळी याला पडत नाही. पण गूळ-जायफळाचा वास तोच असतो, आणि आठवणीला बहुधा तेवढे पुरते.

इथपर्यंत स्वयंपाकघराचे झाले. आता डॉक्टरचा हिशेब.

पहिली गोष्ट, चव सारखी झाली म्हणजे पोषण सारखे झाले असे नाही. चिकाच्या खरवसात भरपूर प्रथिने असतात. नारळाच्या खरवसात ती नावापुरती, आणि घट्ट होणारी चरबी मात्र जास्त. सणासुदीला वाटीभर खावा, दुधाची जागा भरून निघाली असे समजू नये. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी तर चवीपुरताच. तेच कच्च्या फणसाचे. मटणाच्या वाटणात फणसाची भाजी फक्कड होते, पण मटणात शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिने असतात, फणसात जेमतेम दोन-तीन. त्याच वाटणात सोयाबीनच्या वड्या किंवा काळे वाटाणे घातले तर चवही राहते आणि प्रथिनेही मिळतात. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने आहेत, शेंगदाण्यात सुमारे पंचवीस. रोज दोन वेळा डाळ, उसळ किंवा दाणे पोटात गेलेच पाहिजेत, आणि सोबत भाकरी-पोळी हवी, म्हणजे धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. दूध सोडले तर नाचणी आणि तीळ यांना रोजच्या जेवणात जागा द्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मासवडीच्या सारणातले तीळ नुसते चवीसाठी नाहीत, हे यावरून कळेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब-१२ची. हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते तयार करतात सूक्ष्म जंतू, आणि आपल्याला ते मिळते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून. वनस्पतीजन्य आहारात त्याचा भरवशाचा साठा नाही. आंबवलेली इडली, मोड आलेली कडधान्ये, स्पिरुलिना यांवर विसंबून राहू नये. रोजची गरज अवघी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. यकृतातला साठा दोन-चार वर्षे पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर सुरुवातीला काहीच होत नाही, आणि माणूस निर्धास्त राहतो. साठा आधीच तुटपुंजा असेल तर मात्र लवकर गाठते, जसे या मुलीचे झाले.

दूध पिणाऱ्या शाकाहारी मंडळींनीही हसू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. म्हणजे चहापुरते दूध घेणारे आपण सगळेच काठावर उभे आहोत. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही हे प्रमाण घसरते.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. दूध, मांस, अंडी पूर्ण सोडणाऱ्याने ब-१२ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कायम घ्यावी, आणि वर्षातून एकदा रक्त तपासावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी यात मुळीच हयगय करू नये, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो. हातापायांना मुंग्या, जीभ सोलवटणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा, सततचा थकवा यांपैकी काही असेल तर नुसते टॉनिक आणून पिऊ नका. मी केलेली चूक तुम्ही घरी करू नका.

गोळी म्हणजे पुन्हा जनावराचेच काही, अशी शंका त्या मुलीने काढली. तिला म्हटले, ब-१२ मोठमोठ्या टाक्यांत जंतू वाढवून तयार करतात. पेनिसिलिन बुरशी वाढवून करतात, त्यातलाच हा प्रकार, आणि आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन १९५५ सालापासून झाले. कॅप्सूलचे आवरण तेवढे जिलेटिनचे असू शकते, म्हणून साधी गोळी घ्यावी. तिची शंका फिटली.

दिवाळीनंतर मायलेकी पुन्हा आल्या. आईच्या पिशवीत दोन डबे होते. एकात चिकाचा खरवस, माझ्यासाठी. दुसऱ्यात नारळाचा, लेकीसाठी. "पहिला घाण्याचा बिघडला, दुसरा जमला," आई म्हणाली. मुलीने डबा तिथेच उघडला, वास घेतला आणि एक वडी आईच्या हातावर ठेवली.

मी दोन्ही खाल्ले. कुठला चांगला, हे मात्र त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. तिची पुढच्या महिन्याची गोळी तेवढी लिहून दिली.