पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत बंद

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद झाले. श्रीनगर, अमृतसर, जोधपूर, भूज, जामनगर अशी ती यादी होती. बातम्यांमध्ये मुदत आली होती ती १५ मे, पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंतची. सरळ साडेपाच का नाही? वाचणाऱ्याला त्यात काही गुपित असावं असं वाटणं स्वाभाविकच होतं.

गुपित काहीच नव्हतं. जगभरातलं विमानवाहतुकीचं घड्याळ एकच, जागतिक प्रमाणवेळेचं. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. १४ मे हा दिवस त्या घड्याळात रात्री ११:५९ ला संपणार होता, तेव्हा आपल्याकडे १५ तारखेचे पहाटेचे ५:२९ होणार होते. मूळ सूचनेत ही वेळ दहा आकडी लिहितात: २५०५१४२३५९. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. प्रत्यक्षात हे विमानतळ १२ मेलाच पुन्हा खुले झाले. म्हणजे सूचनेतली मुदत काळ्या दगडावरची रेघ नसते. जुनी सूचना रद्द करणारी किंवा तिची जागा घेणारी नवी सूचना केव्हाही निघू शकते.

या सूचनेचं नाव नोटॅम, ‘नोटीस टू एअरमेन’चं लघुरूप. धावपट्टी बंद, दिवे नादुरुस्त, जवळ नवी क्रेन उभी, अमुक भागात क्षेपणास्त्र चाचणी, असं सगळं तीत येतं. तिच्याभोवती बरेच गैरसमज आहेत. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, पण एकदोन समजून घ्यायलाच हवेत.

‘विमानतळ बंद’ म्हणजे फाटकाला कुलूप, हा पहिला. मुंबईचंच पाहा. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. पावसाळा सरला की देखभालीसाठी दोन्ही एकदमच काही तास बंद ठेवतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. सूचना कित्येक महिने आधी निघालेली असल्यामुळे विमान कंपन्यांनी वेळापत्रकंच त्याप्रमाणे लावली होती. पुण्याची गोष्ट वेगळी. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आणि एकच. तिच्या डागडुजीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस प्रवासी उड्डाणं पूर्ण थांबली. शब्द तोच, ‘बंद’. अर्थ मात्र एकीकडे सहा तास, दुसरीकडे दोन आठवडे. म्हणून वैमानिक त्या शब्दावर थांबत नाही. काय बंद, केव्हापासून, केव्हापर्यंत आणि कोणासाठी, हे तो पाहतो.

धुकं किंवा पाऊस आला की विमानतळ ‘बंद’ होतो, हाही समज पक्का रुजलेला आहे. हवामानाचे अहवाल आणि अंदाज वेगळे येतात, तेही वैमानिकाला वाचावेच लागतात. पण जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन रुतलं आणि ती काही दिवस वापरता आली नाही, तेव्हा सूचना निघाली ती धावपट्टी बंद असल्याची. पावसासाठी कोणी नोटॅम काढत नाही.

आता जो गैरसमज मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येऊ. सूचना निघाली म्हणजे वैमानिकाला कळलीच, असं आपण गृहीत धरतो.

उड्डाणाआधी कंपनीचा डिस्पॅचर मार्ग, इंधन, हवामान आणि नोटॅम यांचा एक गठ्ठा तयार करतो. हल्ली तो बहुधा टॅब्लेटवर येतो. त्यात फक्त निघण्याचा आणि उतरण्याचा विमानतळ नसतो. पर्यायी विमानतळ आणि वाटेत अडचण आली तर जिथे उतरता येईल ते विमानतळही असतात, कारण पर्यायी विमानतळच बंद असेल तर तो पर्याय कसला? हे सगळं मोठ्या अक्षरांत, टेलिप्रिंटरच्या काळातल्या संक्षेपांत लिहिलेलं. गवत कापण्याचं काम आणि बंद धावपट्टी, दोन्ही ओळी दिसायला सारख्याच.

७ जुलै २०१७ च्या रात्री टोरंटोहून आलेलं एअर कॅनडाचं एअरबस ए३२० सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी, २८एल, त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना उजवीचा दिवा-पट्टा डावीचा वाटला आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीकडे जाण्याचा रस्ता, धावपट्टी वाटला. त्या टॅक्सीवेवर चार प्रवासी विमानं उड्डाणासाठी रांगेत थांबलेली होती. ए३२० वर उचललं गेलं खरं, पण त्याआधी ते जमिनीपासून जेमतेम ६० फुटांवर आलं होतं. डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर होती. उतरण्याआधी मिळालेल्या विमानतळाच्या माहितीतही ती होती. माहिती दोनदा हातात आली आणि नेमक्या क्षणी आठवली नाही. आळस म्हणून हे सोडून देणं अन्यायाचं होईल. सत्तावीस पानांत जिवावर बेतणारी ती ओळ इतरांहून वेगळी दिसत नव्हती, हा दोष कागदाचाही आहे.

तैपेईला ३१ ऑक्टोबर २००० रोजी याहून भयंकर घडलं. वादळी रात्री सिंगापूर एअरलाइन्सच्या बोईंग ७४७ ने, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या ०५आर धावपट्टीवरून, ती शेजारची ०५एल आहे असं समजून उड्डाण करायचा प्रयत्न केला. वाटेत बांधकामाची यंत्रं होती. १७९ पैकी ८३ जण गेले. ती धावपट्टी बंद आहे हे वैमानिकांना ठाऊक होतं. आपण नेमके तिच्यावरच आहोत, हे मात्र कळलं नाही.

मग हवेत असतानाच विमानतळ बंद झाला तर? ‘वैमानिकाला उतरेपर्यंत पत्ता लागत नाही’ ही भीती निराधार आहे. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्रातल्या आगीमुळे लंडनचा हीथ्रो बंद झाला तेव्हा सुमारे १२० विमानं त्याच्या वाटेवर होती. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईलाच परतलं, दिल्लीहून निघालेलं फ्रँकफर्टला गेलं. अशा वेळी नियंत्रक रेडिओवर सांगतात आणि कंपनीचा नियंत्रण कक्ष कॉकपिटमध्ये थेट लेखी संदेश पाठवतो. जमिनीवर कोणीतरी त्या विमानाची वाट सतत तपासत बसलेलं असतं. आणि विमानात पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन राखून ठेवलेलं असतं.

सूचनांची यंत्रणाच कोलमडली तर काय, याचं उत्तर अमेरिकेने ११ जानेवारी २०२३ ला दिलं. नोटॅम यंत्रणा बंद पडली आणि देशभरातली उड्डाणं सुमारे दीड तास जमिनीवर रोखून धरली गेली. प्रवाशांचा संताप समजण्यासारखा होता, पण निर्णय योग्यच होता.

उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी वैमानिक विमानतळाची ताजी ध्वनिमुद्रित किंवा लेखी माहिती घेतो: वारा, वापरातली धावपट्टी, काय बंद आहे. प्रत्येक नव्या माहितीला एक अक्षर असतं, अल्फा, ब्राव्हो, चार्ली या क्रमाने. नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलताना वैमानिक ते अक्षर सांगतो. त्याने ‘चार्ली’ म्हटलं आणि इकडे ‘डेल्टा’ निघालेलं असेल, तर दरम्यान काय बदललं ते नियंत्रक त्याला तिथल्या तिथे सांगतो.