देवमाशाच्या घरी सकाळचे पाहुणे

आमच्या सौ.चे माहेर रेवदंड्याचे. २०१५ सालच्या जून महिन्यात तेथल्या किनाऱ्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला. लागला तेव्हा तो जिवंत होता. पण त्याला पाण्यात परत लोटण्याची सारी धडपड वाया गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा वाळूवर एक काळसर टेकाड पडले होते आणि भोवती जत्रा जमली होती. माझ्या खांद्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, “बाबा, जिवंत असतो तेव्हा तो काय करतो?”

मला काही सांगता आले नाही. खरे म्हणजे देवमासा हा मासा नव्हे, आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे, एवढे शाळेतले ज्ञान मी त्याला ऐकवले. पण त्याचा प्रश्न तो नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही गेल्या फेब्रुवारीत श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, मिरिसा या गावी गेलो. हे मासेमारीचे गाव. २००९ साली तेथले यादवी युद्ध संपले आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटींचा धंदा जोरात सुरू झाला. येथे समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर एकदम खोल जातो, म्हणून जगातला हा सर्वांत मोठा प्राणी जमिनीच्या इतक्या जवळ येतो.

सकाळी साडेसहाला बोट सुटली. सातला सौ.ला बोट लागली. आवळासुपारी, आल्याची वडी, लिंबू, सगळे झाले, अखेर ती डोळे मिटून बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, “अहो, दिसला की मला उठवा. नाही दिसला तर मुळीच उठवू नका.”

सुमारे आठ वाजता तांडेलाने हात वर केला. दूर पाण्यातून एक सरळ, उंच धुराचा खांब उठला आणि विरला. त्याला आपण फवारा म्हणतो, पण ते पाणी नव्हे. तो श्वास. फुप्फुसातली ऊबदार, दमट हवा जोराने बाहेर पडते आणि तिची वाफ दिसते. हा खांब तीस फुटांपर्यंत चढतो. आवाज नंतर येतो, कोणीतरी लोहाराचा भाता एकदाच दाबावा तसा.

मग पाठ दिसली. दिसली, आणि दिसतच राहिली! आगगाडीचे डबे जावेत तशी ती सरकत होती. पाण्याबाहेर राखाडी, पाण्याखाली मात्र लख्ख निळसर. पंधरा-वीस सेकंदांनी दुसरा श्वास, मग तिसरा. चिरंजीव घड्याळ लावून मोजत होते. काही श्वास झाले, पाठीची कमान झाली, शेपूट सावकाश उभे राहिले आणि पाण्याचा थेंबही न उडवता आत गेले. जेथे ते गेले तेथे तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उरला. शेपटीच्या फटकाऱ्याने उसळलेल्या पाण्याची ती खूण.

खाली तो काय करतो, हे आता थोडेफार कळले आहे. येथले देवमासे बारीक कोळंबीसारख्या जिवांवर पोसतात. त्यांची विष्ठा पाण्यावर तांबूस तरंगते, तीवरून शास्त्रज्ञ त्यांचा आहार ताडतात. २०१९ साली कॅलिफोर्नियाजवळच्या एका निळ्या देवमाशाचे हृदय मोजल्याचे प्रसिद्ध झाले. खोल बुडी मारली की मिनिटाला दोनच ठोके, वर आला की तीसच्या पुढे!

तो पुन्हा वर आला तेव्हा मात्र माझा उत्साह मावळला. कारण आमच्यासारख्या सात बोटी त्याच्याकडे धावल्या. शंभर मीटरांच्या आत जाऊ नये असा तेथला नियम आहे. पण प्रत्येक बोटीत पैसे मोजलेले प्रवासी आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. देवमाशाने दोनच श्वास घेतले आणि शेपूट न दाखवताच बुडी मारली. मला रेवदंड्याची गर्दी आठवली. आणि खोटे कशाला बोलू, “आणखी जवळ घ्या” असे म्हणणाऱ्यांत क्षणापूर्वी मीही होतो.

आमचा तांडेल चाळिशीचा, अबोल. त्याने इंजिनच बंद केले. कोणी कुरकुरले तेव्हा मोडक्या इंग्रजीत एवढेच म्हणाला, “तो श्वास घ्यायला येतो. घेऊ द्या.” मग त्याने दक्षिणेकडे बोट दाखवले.

एक अवाढव्य मालवाहू जहाज येत होते. लंकेच्या या टोकाला वळसा घालून जाणारा मार्ग जगातल्या अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकी आहे आणि तो नेमका देवमाशांच्या अन्नछत्रावरून जातो. जहाजाच्या धडकेने येथे देवमासे मरतात. २०२२ साली एका मोठ्या कंपनीने आपली जहाजे पंधरा मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. हे जहाज जुन्याच वाटेवर होते. १९६०च्या दशकात रशियन बोटींनी याच हिंदी महासागराच्या उत्तर भागात शेकडो देवमासे चोरून मारले आणि तो हिशेब कित्येक वर्षे दडवून ठेवला. १९७९ साली हा महासागर देवमाशांचे अभयारण्य ठरला. पण येथे मारणाऱ्याच्या मनात मारायचेही नसते.

जहाज गुळगुळीत गोलाच्या पलीकडून गेले. चिरंजीव मोजत होते, “नऊ मिनिटं... दहा...” बोटीत कोणी बोलेना. लाटांनी आम्ही हेलकावत होतो. अकरा. बारा.

जहाजाच्या मागे, बऱ्याच अंतरावर, तो पांढरा खांब उठला.

“आला!” चिरंजीव ओरडले. सौ.ने डोळे न उघडताच विचारले, “श्वास घेतला का हो त्याने नीट?”

मी म्हटले, “घेतोय. उठून बघ.”

ती उठली.