म्हैस घेताना दूध बघता, स्वभाव बघता का?



आमच्या मलकापूरच्या पशुखाद्याच्या दुकानात एक दादा दुसऱ्यांदा पेंड बदलायला आले. कर्ज काढून मुऱ्हा म्हैस आणलेली. बाजारात दहा लिटर सांगितलं, घरी सहाच्या वर जाईना. गोठ्यावर जाऊन बघितलं तर म्हैस भलतीच बुजरी. माणूस दिसला की दावं ताणते, धारेला बसलं की लाथ. मी म्हटलं, "दादा, पेंड बदलू नका. प्रश्न पेंडीचा नाही, स्वभावाचा आहे."

यामागं शास्त्र आहे. जनावर निवांत असलं की शरीरात ऑक्सिटोसिन तयार होतं आणि पान्हा फुटतो. घाबरलं की अ‍ॅड्रिनॅलिन ते काम अडवतं. दूध कासेतच राहतं आणि हळूहळू आटतं. यावर इंजेक्शन मारणं हा धंदा नाही.

वाढीचंही तसंच. परदेशात मांसासाठी गुरं पाळणारे वजन करताना जनावर पिंजऱ्यातून किती वेगानं बाहेर पळतं तेही मोजतात. जी शांत निघतात ती खाल्लेलं अंगी लावतात, बुजरी मागं राहतात. आपल्या रेड्यांनाही हाच नियम. वाढ मागं पडली की माजही उशिरा, म्हणजे तुमचा पैसा जास्त दिवस अडकला.

आरोग्याचं बघा. घटसर्पाचे जंतू निरोगी जनावराच्या घशातही असू शकतात. लांबचा प्रवास, पाऊस, भीती यांनी ताण आला की ते उसळतात. म्हणून शाहूवाडीच्या पावसाआधी लस टोचाच.

स्वभाव थोडा रक्तातून येतो, थोडा हाताळणीतून. आपली पंढरपुरी म्हैस बघा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गर्दीत, गिऱ्हाइकासमोर धार देते. बुजऱ्या जनावराचं ते काम नाही.

आता हिशोब. दिवसाला एक लिटर कमी, लिटरला ५० रुपये धरा. ३०० दिवसांत १५,००० रुपये गेले!

म्हणून खरेदीआधी एवढं करा:

१. सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा समोर काढून घ्या. एक धार स्वतः काढा.
२. कासेला, पाठीला हात लावा. अंग चोरते का बघा.
३. जमलं तर तिची आई, आधीची रेडी बघा.
४. मारक्या म्हशीची रेडी वाढवायला ठेवू नका.
५. रेडकाला पहिल्या दिवसापासून हात लावा, खरारा करा.

त्या दादांनी म्हैस विकली नाही. धार रोज एकाच वेळी, एकाच माणसानं काढायची, गोठ्यात आरडाओरडा बंद. दीड महिन्यात साडेसात लिटरवर आली. दहा काही झाली नाही, पण हप्ता आता दुधातून जातोय.

माझं पेंडीचं एक पोतं कमी खपलं. पण गिऱ्हाईक कायमचं झालं.