कोर्टाची पायरी बंद करणारा कायदा

हिंदुस्थानात गुलामीचा कायदेशीर आधार १८४३ मध्ये काढून घेतला गेला. एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता आहे असा दावा कोणत्याही कोर्टानं मानायचा नाही, असं कंपनी सरकारच्या त्या वर्षीच्या कायद्यानं बजावलं. पेशवाईत जिथं कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री राजरोस चालत असे, त्या आपल्या मुलखात हा बदल लहान नव्हता. पण अठ्ठावीसच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू झाला आणि १९११ पासून देशभर. सरकारनं राजपत्रात एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेलं मूलही गुन्हेगारांच्या यादीत गेलं. या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही कोर्टानं प्रश्न विचारायचा नाही, असं कलमही त्यात होतं. मला हे कलम सबंध कायद्याचं मर्म वाटतं. माणसाला जखडायला साखळदंडच लागतो असं नाही. जन्मावरून त्याचा दर्जा ठरवायचा आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय काढून घ्यायची, एवढं पुरतं.

सोलापुरानं हे फार जवळून पाहिलं आहे. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांनी भरभराटलेल्या या शहरात कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, टकारी, कंजारभाट यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तिची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. हाताचे ठसे घेतलेले, हजेरी ठरलेली, बाहेर पडायचं तर पास हवा. पास घेऊन बायामाणसं गिरणीत जायची आणि पाळी संपली की कुंपणाच्या आत परतायची. ज्यांची वर्तणूक समाधानकारक ठरे त्यांना तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत राहायला मिळे. ही वस्ती आजही शहराच्या नकाशावर त्याच नावानं आहे. हद्द ओलांडून कुणी सापडलाच तर त्याला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार पोलिसांना होताच, शिवाय गावच्या पाटलाला आणि जागल्यालाही होता. आईबापांपासून मुलं वेगळी काढून शाळेत ठेवायची तरतूदही कायद्यात होती. निजामाचा मुलूख आणि अक्कलकोटसारखी संस्थानं लागून असलेल्या या जिल्ह्यात भटक्यांचं पोट हिंडण्यावर चालत असे, आणि कायद्यानं नेमकं हिंडणंच संशयाचं ठरवलं.

दाद मागायची सोय काढून घेण्याचं दुसरं उदाहरण म्हणून आता अमेरिकेकडे पाहू. तिथं उत्तरेची राज्यं गुलामीमुक्त होती, दक्षिणेची कापसावर आणि गुलामांवर उभी होती, आणि नव्या प्रदेशांत कोणता कायदा चालणार यावरून दोघांत तेढ होती. १८५० च्या फरारी गुलाम कायद्यानुसार पळून आलेल्या माणसाला उत्तरेतही पकडून परत देणं भाग होतं; त्याला ज्यूरी नव्हती, स्वतःची साक्ष देता येत नव्हती. ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम मालकाबरोबर इलिनॉय या मुक्त राज्यात राहून आला होता. तेवढ्यावर आपण स्वतंत्र झालो, असा त्याचा दावा. १८५७ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांच्या कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिकच नव्हे, म्हणून त्याला संघराज्याच्या कोर्टात दावाच लावता येत नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती कर्टिस यांनी दाखवून दिलं की राज्यघटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क होता. बहुमतानं ते ऐकलं नाही. चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. तिथं जे न्यायाधीशांनी केलं ते इथं कायदा करणाऱ्यांनी कायद्यातच करून ठेवलं.

यावर पहिला आक्षेप असा की सोलापुरात कुणाचा लिलाव झाला नाही, मजुरी मिळत होती, शाळा होत्या. याला गुलामी कसं म्हणता? फरक खरा आहे आणि तो पुसता कामा नये. कुणी कुणाचा मालक नव्हता, पोरंबाळं विकली जात नव्हती. पण काम सोडून दुसऱ्या गावी जाऊन पोट भरायची मोकळीक नसेल, तर हातात पडणाऱ्या पगारानं माणूस स्वतंत्र होत नाही, आणि गिरण्यांना मात्र असा बांधलेला मजूर सोयीचाच होता. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या जमातींतले काही लोक चोऱ्या करत होतेच ना? करत असतील. त्यासाठी भारतीय दंडविधान होतं. ते कृत्य तपासत होतं आणि पुरावा मागत होतं. या कायद्यानं पाळण्यातल्या पोरालाही त्याच यादीत घातलं. अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता असंही म्हणतात. काहींचा असेलही, पण ज्याचा जाब कुठंच विचारता येत नाही असा चांगुलपणा दुसऱ्याच्या मर्जीवरच जगायला लावतो.

मुंबई इलाख्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडली, ही आठवण या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, समाजात आजही सांगितली जाते. तार तुटली तरी संशय राहिलाच. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामी संपवली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकेपणाला गुन्हा ठरवून त्याच माणसांना पुन्हा सक्तमजुरीला जुंपलं. आपल्याकडे मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्याची अट जन्माची नव्हती, वारंवार झालेल्या शिक्षेची होती, हे मान्य करायला हवं. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही ठाण्यांची सवय त्या अटीनं मोडली नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर जात आणि जमात पाहून कामं वाटायचे नियम टिकून राहिले. ते पाडायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. आता दाद मागता येते. म्हणूनच या निकालाची मराठी प्रत प्रत्येक पोलीस ठाण्यात असावी, आणि पालावर जाणाऱ्या हवालदारानं ती आधी वाचलेली असावी, असा आग्रह सोलापूरकरांनी धरायला हवा.