प्लास्टर काढलं, म्हणून कोड लागतोच असं नाही

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बिलांचं कोडिंग पुण्या-मुंबईत बसून करणारी मराठी मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांच्यातल्या नवख्यांचा एक समज हमखास दिसतो. चार्टमध्ये ‘प्लास्टर काढलं’ असं लिहिलंय, सीपीटीच्या, म्हणजे उपचारांच्या कोडच्या, पुस्तकात प्लास्टर काढण्याचा २९७०५ आहे, मग लावा! पण प्लास्टर घालण्याच्या कोडमध्ये ते काढण्याचं काम आधीच धरलेलं असतं. काढण्याचा कोड लावायचा तो प्लास्टर दुसऱ्या कुणी घातलं असेल तरच. त्याच ग्रुपमधला, त्याच स्पेशालिटीचा सहकारी हा ‘दुसरा’ ठरत नाही. मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, त्या दोघांना एकच डॉक्टर मानतं.

समजा, मनगटाचं हाड मोडलंय, पण सरकलेलं नाही. डॉक्टरांनी या फ्रॅक्चरच्या उपचाराचा कोड, २५६००, लावला. पहिलं प्लास्टर आणि पुढच्या ९० दिवसांतल्या नेहमीच्या तपासण्या त्यातच आल्या. सहाव्या आठवड्यात त्यांनीच करवतीने प्लास्टर कापलं, मनगट हलवून पाहिलं, व्यायाम सांगितले. या भेटीला ९९०२४ लागतो. तो नुसता नोंदीचा कोड, रक्कम शून्य.

म्हणून ९० दिवस सगळंच फुकट, असंही नाही. त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेचं बिल वेगळं होतं. सूज उतरून प्लास्टर सैल झालं आणि नवं घालावं लागलं, तर ते घालण्याचा २९०७५ आणि फायबरग्लासचा ‘क्यू’ने सुरू होणारा कोड, दोन्ही लागू शकतात. जुनं काढण्याचा मात्र तेव्हाही नाही.

काढण्याचा कोड खरोखर लागतो तो असा: पेशंट डॅलसला पडला, तिथे पूर्ण हाताला प्लास्टर घातलं आणि ते काढलं न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनी. इथे २९७०५ बरोबर आहे. कमरेपासून पायापर्यंतच्या स्पायका प्लास्टरला २९७१०.

निदानाच्या कोडमध्येही गल्लत होते. ‘उपचार संपले, आता झेड-४७’ (उपचारानंतरच्या देखभालीचा कोड) असं अनेकजण धरतात. फ्रॅक्चरला ते चालत नाही. मूळ फ्रॅक्चरचाच कोड ठेवायचा आणि सातवं अक्षर बदलायचं: बंद फ्रॅक्चर नीट जुळत असेल तर ‘डी’, जुळायला वेळ लागत असेल तर ‘जी’, जुळलंच नसेल तर ‘के’. हे एक अक्षर चुकलं तरी क्लेम परत येऊ शकतो, आणि मग पेशंटच्या हातात नको ते बिल पडतं. म्हणून मला हा तपशील क्षुल्लक वाटत नाही.

अमेरिकेतल्या वाचकांना एवढंच सांगणं: तपशीलवार बिल मागून घ्या. प्लास्टर ज्यांनी घातलं त्यांनीच काढलं असेल आणि तरी बिलात काढण्याचा कोड (२९७००, २९७०५ किंवा २९७१०) दिसला, तर पैसे भरण्याआधी बिलिंग ऑफिसला फोन करा.