तुम्ही वाढलात की लुटारूही वाढतात?

लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरच्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावर उभे राहिलेले टॉवर यांच्यात एक गोष्ट तरी सारखी आहे. रात्री जेवणं उरकली की दोन्हीकडची पोरं हेडफोन लावून गेम खेळत बसतात. रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : "एवढी लेव्हल वाढवली, तरी तो फडतूस चोर मरायला तेवढाच वेळ घेतो!"

तक्रार खरी आहे, पण तिच्यावरून काढलेले निष्कर्ष बरेचदा चुकतात. या गेममध्ये आपलं पात्र लढून अनुभव कमावतं आणि त्याची लेव्हल वाढते. काही गेममध्ये शत्रूची लेव्हलही आपली लेव्हल पाहून ठरवली जाते. हेच लेव्हल स्केलिंग.

गैरसमज : हा कंपन्यांचा आळशीपणा आहे.

१९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस जास्त ताकदीचे. खेळाडूने कोणत्या क्रमाने कुठे जायचं हे जवळपास ठरलेलं होतं, त्यामुळे शत्रूची ताकदही आधीच ठरवता यायची. पुढे नकाशे मोकळे झाले. आता एखाद्या गुहेत कोणी तिसऱ्या लेव्हलला शिरतो, कोणी तिसाव्या. दोघांनाही लढत रंगतदार वाटावी, ही स्केलिंगमागची खरी अडचण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'ला (२०२०) ती आलीच नाही, कारण तिथली वाट सरळ आहे.

स्केलिंगची बदनामी झाली ती मुख्यतः २००६च्या 'द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन'मुळे, आणि ती उगाच झाली नाही. तिथे तुम्ही मोठे झालात की जंगलातले लांडगे जाऊन मिनोटॉर येतात. आडरस्त्यावरचा लुटारू दुर्मिळ ग्लास आर्मर घालून तुमच्याकडे शंभर मोहरा मागतो. अरे बाबा, अंगावरचं चिलखत विक, बसून खाशील! लोअर परळकराला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. पगार वाढल्याचं कळताच घरमालकाने तेवढंच भाडं वाढवावं, तसा हा प्रकार. बक्षिसांचंही तेच. बरीचशी खास शस्त्रं ज्या लेव्हलला मिळाली त्याच ताकदीची राहतात, म्हणून मोहीम लवकर फत्ते करणाऱ्याच्या हाती कमजोर तलवार पडते.

गैरसमज : शत्रूही वाढत असेल तर लेव्हल वाढली काय, न वाढली काय, सारखंच.

सारखं नसतं. कधी फायदा होतो, कधी चक्क तोटा. 'ऑब्लिव्हियन'मध्ये मुख्य कौशल्यं वाढली की लेव्हल वाढते. तुम्ही घासाघीस आणि गोड बोलणं यांतच प्रवीण झालात, तरी लेव्हल चढते. समोरचा गॉब्लिन मात्र लढाईतच तरबेज होत जातो. पण लेव्हल पक्की व्हायला पात्राला झोपावं लागतं. म्हणून काही वस्ताद खेळाडूंनी आपल्या नायकाला झोपूच दिलं नाही!

१९९९च्या 'फायनल फँटसी ८'मध्येही शत्रू तुमच्या चमूच्या सरासरी लेव्हलवर बेततात. तिथे खरी ताकद लेव्हलपेक्षा पात्राला जोडलेल्या जादूतून येते. त्यामुळे जाणकार शत्रूला मारण्याऐवजी त्याचं पत्त्यात रूपांतर करतात. लेव्हल वाढवणारा अनुभव मिळत नाही, लढाई मात्र जिंकलेली असते. बाकी बहुतेक गेममध्ये लेव्हलबरोबर नव्या युक्त्या आणि नवे मंत्र मिळतात. शत्रूचे नुसते आकडे फुगलेले असतील, तर तिथे तुमचं पारडं जड राहतं.

गैरसमज : स्केलिंग म्हणजे प्रत्येक शत्रू कायम तुमच्या बरोबरीचा.

'स्कायरिम'ने (२०११) 'ऑब्लिव्हियन'पासून धडा घेतला. तिथे बऱ्याच ठिकाणांना किमान लेव्हल नेमून दिलेली आहे, काहींना कमालही. शिवाय पहिल्यांदा पाऊल टाकलंत की त्या जागेची लेव्हल तिथेच गोठते. गुहेत मार खाल्ला तर पळून या, ताकद कमवा आणि परत जा, आतले तसेच असतील. राक्षसी जायंट तर स्केल होतच नाही. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एकाच फटक्यात आभाळात!

गैरसमज : गेम आपला खेळ बघून मुद्दाम अवघड होतो.

हे वेगळं तंत्र आहे. २००५च्या 'रेसिडेंट इव्हिल ४'मध्ये तुम्ही कसे खेळता हे पाहून गेम न सांगता अवघड किंवा सोपा होत राहतो. लेव्हल स्केलिंगला तुमचं कसब दिसत नाही, त्याला फक्त लेव्हलचा आकडा कळतो.

उलटी गंगाही आहे. 'गिल्ड वॉर्स २' (२०१२) शत्रूला चढवण्याऐवजी कमी लेव्हलच्या भागात तुम्हालाच खाली उतरवतो. त्यामुळे जुना खेळाडू नवशिक्या मित्राबरोबर खेळू शकतो. 'एल्डन रिंग'मध्ये (२०२२) स्केलिंग नाही, तरी सोपा गेम म्हणून त्याचं नाव कोणी घेणार नाही.

माझ्या मते दोष स्केलिंगचा नाही, त्याला मर्यादा न घालण्याचा आहे. गंमत म्हणजे २०२५च्या 'ऑब्लिव्हियन'च्या नव्या आवृत्तीत खेळाडूची लेव्हल वाढण्याची पद्धत सुधारली, पण शत्रूंचं स्केलिंग राहिलंच. तेव्हा नवा गेम सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये एकदा डोकवा. 'द विचर ३'मध्ये हे स्केलिंग तुमच्या मर्जीवर सोडलं आहे. चालू केलंत तर उंदरांपासून सांभाळून राहा. ते तुमच्या लेव्हलचे होतात आणि झुंडीने येतात.